खालच्या मजल्यावरून

माझ्या दुकानाचं छत म्हणजे
ताकाएसु मास्तरांची जमीन.
संध्याकाळी सहाला वर पावलं सुरू होतात
आणि मी भिजत घातलेल्या सोयाबीनच्या पातेल्यांवर
कापड ओढून घेते. फटींतून धूळ गळते ना.
तेवीस वर्षं झाली, जिना चढून एकदाही गेले नाही.
पण कोण नवं आलं, कोण सोडून गेलं,
कुणाचा गुडघा दुखतोय
ते मला खाली कळतं.

एप्रिलात एक पाऊल आलं.
सगळे मिळून धप्प,
आणि मग मागे राहिलेलं एकटंच
धप.
पंगत उठल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखं.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आलं:
नागिसा, आठ वर्षांची,
इतोमान बंदरावर बर्फ फोडणाऱ्या मियाहिराची मुलगी.
पट्टा पांढरा, दोन वेढे देऊनही
गुडघ्याशी लोंबणारा.
"टोफू नको, चोथा द्या. आई म्हणाली, तो स्वस्त असतो."
काय शिकलीस गं, मी विचारलं.
तिनं मूठ वळून दाखवली, अंगठा आत.
लगेच जीभ चावून, बाहेर.
"आत ठेवला की मोडतो. माझा मोडला नाही.
पण मोडला असता."
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
तिच्या दुसऱ्या मुठीत
घामेजलेले पन्नास येन होते.

मे महिना सगळा फडक्याचा.
ओलं फडकं फरशीवर दाबून, कंबर वर करून
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळणं.
"कराटे कधी येणार?" तिनं मला विचारलं,
जणू मीच ते कुठं ठेवून विसरले होते.

मग जूनभर चालणं.
पाय उचलायचा नाही, घासत आत आणायचा,
तसाच बाहेर, चंद्रकोरीसारखा.
चंद्रकोर मला दिसत नव्हती, घासणं ऐकू येत होतं,
पीठ चाळल्यासारखं. तिचं पीठ जाडसर.

ऑगस्टात वादळ आलं. तीन दिवस
दारांना फळ्या, रस्त्यावर उसाची पाती, वर सामसूम.
सहाला पातेल्यांवर कापड
मी तरीही ओढलं.

नोव्हेंबरात परीक्षा झाली.
तिच्यामागून आलेल्या सहा वर्षांच्या पोराला
पिवळा पट्टा मिळाला.
त्या आठवड्यापासून वरचा आवाज
एकदम स्वच्छ. एकच धप्प. मागे काही उरत नव्हतं.
मला तो आवाज आवडला नाही.

चोथा न्यायला आली तेव्हा बूट बघत म्हणाली,
"मी वळले, आणि सगळे माझ्याकडे तोंड करून येत होते."
मला हसू आलं. तिला नाही आलं.
शहाणपणाचं काही सांगावं, तर सुचेना.
पिशवीत मूठभर जास्त घातलं.

मग मास्तर खाली आले, टोफूचा एक तुकडा घेतला,
सुट्टे पैसे मोजता मोजता म्हणाले,
"मियाहिराच्या पोरीचं फडकं दोरीवर आहे.
दुसऱ्या कुणाला देता येत नाही,
कोपऱ्याला नाव शिवलंय."
मी तिला एवढंच कळवलं.
दुसऱ्या दिवशी सहा वाजता
धप्प.
धप.

थंडी गेली. बंदरावर बोनिटो उतरू लागले.
मार्चच्या शेवटच्या गुरुवारी मी हात पुसत होते
आणि वर धप्प झालं.
थांबले. पुन्हा धप्प.
पुन्हा. एकच.
गेली, म्हटलं. या वेळी मात्र गेलीच.

तसाच ओला एप्रन, तशाच रबरी चपला,
मी जिना चढले. सतरा पायऱ्या.
दार ढकललं.

तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला
ती होती.
पट्टा अजून पांढरा, पण आता लोंबत नव्हता,
किंवा तीच वाढली होती.
सगळ्यांबरोबर पाय घासत आत,
सगळ्यांबरोबर बाहेर, सगळ्यांबरोबर
धप्प.

सगळे उजवीकडे वळले.
तिनं मला पाहिलं, आणि डावीकडे वळली,
सरळ माझ्याकडे तोंड करून,
मूठ पुढे, अंगठा बाहेर.
धप.

खाली पातेल्यांवर कापड ओढायचं राहून गेलं होतं.